सव्वीस प्रश्नांचा मोतीराम

नाशिकरोडला रेल्वेलाइनीच्या पलीकडे एक वसाहत आहे. तिथल्या विहाराच्या ओट्यावर दर रविवारी दुपारी तीन वाजता कांद्यांचे ट्रक होत, ट्रकांचे शिक्षक होत आणि शिक्षकांपैकी काही जण निळे निघत. नव्या माणसाला वाटे, या पोरांना ऊन लागलंय. ऊनबीन काही नाही. बँकेच्या कारकुनाच्या परीक्षेची तर्कशक्ती चाललेली असे.

“विधान एक. सर्व कांदे ट्रक आहेत.” मोतीराम वहीतून वाची, रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज लावून, शब्दाशब्दाला इस्त्री मारून. “विधान दोन. सर्व ट्रक शिक्षक आहेत. तर निष्कर्ष?”

“ओ मोतीभाऊ,” भिकन हात वर करी. हा नामपूरचा, कॉलेजसाठी नाशकात आलेला, घरची कांद्याची शेती. “कांदा ट्रक कसा व्हई? ट्रकमा कांदा ऱ्हास. नामपूरले ये, दखाडस तुले.”

“नामपूर विसर, भिकन. कागदावर लिहिलंय तेवढंच खरं.”

“कागदवर कोनी लिखं? त्यानी कधी कांदा देखा शे का?”

“भिकनभाऊ, तुम्ही परीक्षेला पिशवीभर कांदेच घेऊन जा,” पायरीवरून गोजरा म्हणे. “साहेबाच्या टेबलावर ओता. म्हणा, हे बघा, यातला एक तरी चालू होतो का.”

गोजरा हरसूलकडची. नाशकात मुलींच्या वसतिगृहात राहून बी. ए. करत होती. रविवारी सिटी बसनं नाशिकरोडला यायची, पायरीवर एकच पाय टेकून बसायची, जणू आता उठून जाणारच आहे, आणि प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत उत्तर द्यायची. मोतीरामला ती ‘दादा’ म्हणे आणि अहोजाहो करी, पण चूक सापडली की दादाबिदा काही राहायचं नाही.

मोतीराम एका छापखान्यात कंपोझिटर होता. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या पावत्या, निवडणुकीची पत्रकं, सगळ्यांचे शिशाचे खिळे तो हातानं जुळवायचा. या कामात कागदाकडे एकदा बघायचं, ओळ डोक्यात घ्यायची आणि बोटांनी एकेक अक्षर उचलून ती लावून टाकायची. पुन्हा पुन्हा कागद बघणारा कंपोझिटर उपाशी मरतो. बारा वर्षांत मोतीरामचं डोकं असं झालं होतं की नजर पडेल ते त्यात ओळीनं बसायचं.

आणि या डोक्याला ओट्यावर भलती किंमत होती. बँकेच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका परत घेत. बाजारात तर्कशक्तीचं धड पुस्तक मिळत नसे, मिळालं तर इंग्रजीत. तेव्हा ओट्याचा नियम असा की जो परीक्षेला बसेल त्यानं पाच प्रश्न डोक्यात घालून बाहेर आणायचे. जाण्याआधी वाटणी व्हायची. तुझे एकतीस ते पस्तीस, तुझे छत्तीस ते चाळीस. बाहेर आल्यावर कुणाशी बोलायचं नाही, चहा प्यायचा नाही. चहा प्यायला की प्रश्न पोटात उतरतो, असं भिकनचं मत होतं. सरळ वहीपाशी यायचं आणि ओकायचं. अशी चार वर्षांत साडेतीनशे प्रश्नांची वही झाली होती. प्रत्येक प्रश्नाखाली आणणाऱ्याचं नाव आणि तारीख. अक्षर सगळं मोतीरामचं, छापल्यासारखं.

त्या वहीवर अभ्यास करून ओट्यावरचे नऊ जण बँकेत चिकटले. कारभारी निफाडला, केरू मनमाडला, बाकीचे कुठे कुठे. पेढे घेऊन यायचे, “जयभीम मोतीदादा, तुमच्यामुळं” म्हणायचे, पाया पडायला वाकायचे. मोतीराम त्यांना अर्ध्यात धरायचा. स्वतः तो तीनदा बसला होता आणि तिन्ही वेळा लेखीतच गळला होता.

आता १९८३ साल चालू होतं आणि ही शेवटची वेळ होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून लावली होती, त्यात मोतीरामही होता. खरा जन्म म्हणे दिवाळीच्या सुमाराचा. पण बँकेला दिवाळी चालत नाही, दाखला चालतो. दाखल्याप्रमाणे त्या एक जूनला त्याला एकतिसावं पुरं झालं. जाहिरातीतली वयाची तारीख महिनाभर आधीची होती म्हणून अर्ज बसला. पुढच्या जाहिरातीत बसणार नव्हता. आणि छापखान्याचे मालक, जे कुठलीही वाईट बातमी भजी खात सांगत, ते एक दिवस भज्याचा कागद पुढं सरकवत म्हणाले होते, “काय झालंय ना मोतीराम, की आता ऑफसेटचं मशीन घ्यायचं म्हणतोय. म्हणजे तुला काढतोय असं नाही हं. खिळे काढतोय. घे ना, गरम आहेत.”

परीक्षा सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी होती. त्याच्या तीन आठवडे आधी गोजरानं वही मागितली. तिची स्वतःची परीक्षा, दुसऱ्या बँकेची, ऑक्टोबरात होती. ती सराव करेल म्हणून मोतीरामनं दिली. तिनं प्रश्न वाचलेच नाहीत. ती नुसती खालची नावं आणि तारखा बघत पानं उलटत राहिली.

“दादा, गेल्या खेपेला तर्कशक्तीतले किती सोडवायचे राहिले?”

“अठरा.”

“त्याच्या आधी?”

“तेरा.”

“आणि पहिल्यांदा?”

“नऊ असतील. का गं?”

“कारभारीदादांनी आणले पाच. केरूदादांनी पाच. एकानं तर चारच आणलेत. सगळे लागले. तुम्ही पहिल्यांदा आणले एकोणीस, मग बावीस, मग सव्वीस.” तिनं वही मांडीवर मिटली. “सत्तर प्रश्न, पन्नास मिनिटं. एकाला पाऊण मिनिटही पुरं येत नाही. शब्दाला शब्द आणायचा तर प्रश्न दोनदा तरी वाचावा लागतो. सव्वीस प्रश्न दोनदा वाचले, तर बाकीचे कधी वाचले?”

मोतीरामनं हसून बघितलं. भिकन हसला नाही, तेव्हा तोही थांबला.

“तुम्ही परीक्षेला बसतच नाही, दादा. तुम्ही वही भरायला जाता.”

ओट्यावर सात-आठ जण होते. सगळे वहीकडे बघायला लागले.

“म्हणजे मी मुद्दाम नापास होतो, असं म्हणायचंय तुला?” मोतीरामचा रेडिओ बंद पडला होता, हा घरचा आवाज होता.

“तसं विधानात म्हटलेलं नाही. तुम्ही निष्कर्ष काढू नका.”

“चार वर्षं तुमच्यासाठी...” तो उठला. “कालची पोर तू, मला तर्क शिकवतेस?” आणि चपला न घालताच निघून गेला. त्या भिकननं संध्याकाळी आणून दिल्या.

घरी त्यानं मालनला सांगितलं. मालन त्याची बायको, सिन्नरकडची, दुपारी शेंगा फोडायच्या कारखान्यात जायची. हातातलं भांडं खाली न ठेवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पोरगी खोटं बोलली म्हनून राग आला, का खरं बोलली म्हनून?”

“तूही?”

“मी काय शिकलेली नाय. पन परीक्षेवरून आलात की पानी बी न पिता लिहीत बसता. तोंड लय खुललेलं असतं तेव्हा तुमचं. मी इचारते, पेपर कसा गेला? तुम्ही सांगता, सव्वीस आनले.” भांडं आता खाली आलं, जरा जोरात. “लोकाच्या घरी पेढे गेले. आपल्या घरी वही हाय.”

मोतीराम भिंतीकडे तोंड करून पडला. झोप येईना. वहीची पानं डोळ्यांपुढं येत होती, आणि वाईट हे की प्रत्येक पान नंबरासकट येत होतं. पेपर हातात आल्यावर आपल्याला नेमकं काय होतं, ते त्यानं पहिल्यांदाच प्रामाणिकपणे आठवून बघितलं. चांगला, अवघड, नवा प्रश्न दिसला की छातीत आनंद उसळायचा. हा ओट्यावर कसा गाजेल! मग तो त्या प्रश्नावरून पुन्हा एकदा नजर फिरवायचा. उत्तराची खूण करायची राहून जायची, किंवा घाईत कुठेही व्हायची.

दुसऱ्या दिवशी छापखाना सुटल्यावर तो वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. गोजरा बाहेर आली.

“काय करू?” त्यानं विचारलं.

“खिळे लावताना ओळ लागली की पुढं काय करता?”

“काय करणार? विसरतो. नाहीतर पुढची कशी घेणार?”

“मग तेच करायचंय,” ती म्हणाली.

तिथून पुढचे तीन आठवडे ओट्यावर विसरण्याचा सराव चालला. असला सराव कुणी कुठे पाहिला नसेल. गोजरा आता रोज सिटी बसनं यायची. संध्याकाळी दिवेलागणीला मोतीराम मध्ये बसायचा. गोजरा स्वतः रचलेला प्रश्न वाचायची, भिकन घड्याळ धरायचा. चाळीस सेकंदांत उत्तर. उत्तर दिलं की पेन्सिलीचं बूड फरशीवर एकदा टक् करून आपटायचं, म्हणजे ओळ लागली, हात रिकामा. पुढचा प्रश्न. दहा झाले की गोजरा अचानक विचारायची, “चौथ्या प्रश्नात झाडाखाली कोण बसलं होतं?”

“भागीबाई,” मोतीराम पटकन म्हणायचा.

“हरलात.”

“उत्तर बरोबर आहे!”

“म्हणूनच हरलात.”

भिकनला हे सोसत नसे. “आनि आमनं काय भो?” तो एकदा गोजराला म्हणालाच. “तुनी परीक्षा पुढला महिनाले, मनी जानेवारीमा. हाऊ प्रश्न नही लई उना, तर आपन काय वाचाना? जुन्या वहीमा बठं पाठ व्हयेल शे.”

त्याचं खरं होतं. जुनी वही सगळ्यांची पाठ झाली होती, आणि ऑक्टोबरचा पेपर सप्टेंबरच्या धर्तीवर निघतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोतीरामनं गोजराकडे पाहिलं. “पाच तरी आणतो. तुझ्यापुरते.”

“एक जरी आणलात तर मी ओट्यावर पाय ठेवणार नाही.”

“पण तुझा पेपर...”

“माझं वय तेवीस आहे, दादा. तुमचं काय आहे?”

हे कुणी ओट्यावर उघड बोलत नसे. मोतीरामनं मान खाली घातली. गोजरानं पुढचा प्रश्न वाचला.

शेवटच्या शुक्रवारी तो वीस प्रश्नांतले तीनच सांगू शकला. भिकननं घड्याळ गुंडाळून खिशात टाकलं आणि म्हणाला, “व्हयनं. पुरा बिघडना बिचारा.”

परीक्षेच्या दिवशी केंद्र होतं शहरातल्या एका शाळेत. मोतीरामचा बाक खिडकीपासून दुसरा. त्याचे पाय त्यात मावत नव्हते. पर्यवेक्षक बाई नाकात बोलणाऱ्या होत्या. “पेंसिल खाली ठेवा. मी सांगितल्याशिवाय पुस्तिका उघडायची नाही. मागे बघायचं नाही. हो, तुम्हीच.” मोतीराम मागे बघत नव्हता, पण त्याचे कान तापले.

घंटा झाली. पहिला प्रश्न, खूण, टक्. दुसरा, खूण, टक्. बाकावर पेन्सिल आपटण्याचा आवाज ऐकून पुढच्या मुलानं वैतागून मान हलवली. मोतीराम हळू आपटू लागला, मग स्वतःच्या गुडघ्यावर. वीस झाले तेव्हा तेरा मिनिटं गेली होती. असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. चाळिसाव्यापाशी अठ्ठावीस मिनिटं. घामानं पेन्सिल निसटत होती. शर्टाला पुसून तो पुढं गेला.

आणि मग एकावन्नावा आला.

गोल टेबल. भोवती सहा जण. गोल टेबलाचे प्रश्न वहीत बारा होते, त्यांत सगळे टेबलाकडे तोंड करून बसलेले. इथं तीन जण आत तोंड करून होते आणि तीन बाहेर, कोण कुठे ते सांगितलेलं नव्हतं. तेही शोधून काढायचं. मोतीरामच्या छातीत ते जुनं उसळलं. हा नवा आहे! आजवर कुणी आणलेला नाही! त्याची नजर आपोआप पहिल्या ओळीवर परत गेली. डोक्यात एकेक अक्षर जागेवर बसायला लागलं. पहिली ओळ बसली. दुसरी अर्धी बसली.

“शेवटची पंधरा मिनिटं,” बाई नाकातून म्हणाल्या.

वीस प्रश्न राहिले होते. गोजराला पाच आठवड्यांनी हाच प्रश्न पडेल, निदान ह्याचा भाऊ पडेल. तिनं असला कधी पाहिलेला नाही. ती पायरीवर एक पाय टेकून बसते तशी बाकावर बसलेली असेल आणि सहाच्या सहा माणसं तिच्याभोवती फिरतील. आपण तीन ओळी नेल्या तर तिला पुरेल. फक्त एकदा अजून वाचायचं. एकदाच.

मोतीरामनं डावा तळहात ओळींवर पालथा ठेवला. झाकल्या. मग हात काढून तो एकदाच, खालपर्यंत, अर्थासाठी वाचत गेला. बाहेर तोंड असलेल्याचा उजवा हात आपल्या डावीकडे. एक माणूस बसला, दुसरा बसला, तिसरा बसेना, मग बसला. त्यानं तिसऱ्या पर्यायाला खूण केली आणि पेन्सिलीचं बूड गुडघ्यावर एवढ्या जोरानं आपटलं की वण राहिला.

बावन्नावा. त्रेपन्नावा. गोल टेबल अजून डोक्यात फिरत होतं. त्यानं छप्पन्नावा चुकवला असावा. सत्तावन्नपर्यंत टेबलावरचे दोघे उठून गेले, एकसष्टपर्यंत सगळे. सत्तराव्याची खूण झाली तेव्हा बाई त्याच्या उत्तरपत्रिकेचं टोक धरून उभ्या होत्या. “सोडा आता,” त्या म्हणाल्या. त्यानं सोडली.

फाटकाबाहेर गोजरा आणि भिकन उभे होते. गोजरानं आणू नको म्हटलं तरी भिकननं वही आणलीच होती, पेनाचं टोपण काढून.

“किती राहिले?” गोजरानं विचारलं.

“एकही नाही.”

तिनं डोळे मिटून घेतले, क्षणभरच.

“बरं ते ऱ्हाऊ दे,” भिकन म्हणाला. “काय उनं? निस्तं सांग. मी लिखस, तू लिखू नको.”

“एक गोल टेबल होतं,” मोतीराम म्हणाला.

“हां. मंग?”

“माणसं होती.”

“कितला?”

मोतीरामनं तोंड उघडलं. रस्त्यावरून एक टांगा गेला. “काहीतरी वेगळंच बसली होती,” तो म्हणाला, “पण कशी, ते...” आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की भिकननं पेनाचं टोपण लावून टाकलं.

“चला, चहा पिऊ,” गोजरा म्हणाली. “आता काय, पोटात उतरायला काही नाहीच.”

डिसेंबरात लेखीचं पत्र आलं. जानेवारीत मुंबईला मुलाखत झाली. एप्रिलमध्ये मोतीराम लासलगावच्या शाखेत कारकून म्हणून रुजू झाला. मालननं वसाहतीत घरोघर स्वतः पेढे वाटले, आणि ज्या ज्या घरून पूर्वी पेढे आले होते तिथं दोन-दोन ठेवले.

गोजराचा निकाल फेब्रुवारीत लागला. ती नापास झाली.

मोतीरामला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस धड जेवला नाही. मग रविवारी ओट्यावर गेला. ती नेहमीसारखी पायरीवर होती.

“तुझ्या पेपरात गोल टेबल होतं का?”

“होतं.”

“आत-बाहेर तोंडं?”

“हो. सात मिनिटं खाल्ली त्यानं माझी.”

“मी तीन ओळी आणल्या असत्या, तर...”

“दादा.” तिनं हात वर केला, पर्यवेक्षक बाईसारखा. “विधान एक. मोतीरामनं प्रश्न आणला नाही. विधान दोन. गोजरा नापास झाली. निष्कर्ष: मोतीरामनं प्रश्न आणला नाही म्हणून गोजरा नापास झाली. बोला. निघतो का?”

“नाही निघत,” मोतीराम म्हणाला.

“मग?”

“निघत नाही, हे मला कळतं.” तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. “पण सात मिनिटं गेली, हे मला आता विसरता येत नाही. तू मला प्रश्न विसरायला शिकवलंस, हे नाही शिकवलंस.”

 गोजरानं टेकलेला एक पाय काढला आणि दोन्ही पाय पायरीवर घेतले, नीट, बराच वेळ बसायचं असल्यासारखे.

गोजराची पुढची परीक्षा जूनमध्ये होती. लासलगावहून रविवारी दुपारी बाराची गाडी मोतीराम धरायचा, अडीचला ओट्यावर पोचायचा. नवे प्रश्न तो स्वतः रचून आणायचा, गोल टेबलाचे, आत-बाहेर तोंडांचे, आठ-आठ माणसांचे. भिकन घड्याळ धरायचा.

“सुरू,” मोतीराम म्हणायचा. “चाळीस सेकंद.”

“चाळीस नाही, पस्तीस,” गोजरा म्हणायची, आणि वाचायला लागायची.